आठ सीटर घेऊन मढ आणि आंबेगाव

आमच्या भागात नवी गाडी आली की ती आधी देवाच्या पायरीशी नेतात, मग सोयऱ्याधायऱ्यांना दाखवून आणतात, आणि घरच्या बाईने तिच्यात मागच्या सीटवर बसायचं असतं. आम्ही यातलं काहीच धड केलं नाही. २००५ सालच्या मे महिन्यात मी आमच्या नव्याकोऱ्या आठ सीटर गाडीचं स्टिअरिंग हातात घेतलं, सासू, नवरा, मुलगी आणि दीर यांना आत बसवलं आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला निघाले. परत आल्यापासून भेटेल तो गाडीबद्दल विचारतो. घाटात ओढते का, एसी कसा आहे, मागच्या सीटवर हाडं खिळखिळी होतात का. त्यांना एकदाच सांगून मोकळं व्हावं म्हणून लिहायला बसले. गाडीबद्दल सांगेनच, पण गाडीने आम्हाला कुठे नेलं ते आधी.

वारूळवाडी

आम्ही वारूळवाडीचे. नारायणगाव आणि आमच्यात फक्त नदी. मी टेलिफोन खात्यात लागले तेव्हा नारायणगावच्या एक्सचेंजमध्ये बोर्डासमोर बसून प्रत्येक फोनसाठी हाताने दोऱ्या जोडाव्या लागत. पश्चिमेकडच्या गावांत एखाद्या दुकानात नाहीतर पोस्टात एकच फोन असायचा, आणि तिथून कुणाशीही बोलायचं तर आधी माझ्याशी बोलावं लागायचं. त्यामुळे मला तालुक्यातली कितीतरी गावं नुसत्या आवाजाने ओळखीची होती. पाहिलेलं एकही नव्हतं.

त्यातला मढचा आवाज सगळ्यात जवळचा. हिराबाई नावाच्या बाईचं तिथे किराणा दुकान होतं, त्यात फोन. रोज सकाळी लाइन तपासायला मी रिंग द्यायचे. ती म्हणायची, "बोला, नारायणगाव." मी म्हणायचे, "मढ, आवाज येतोय ना?" मग एखादं मिनिट इकडचं तिकडचं. तिचा नवरा वारला तेव्हा ते तिने मला आधी सांगितलं, भावांना नंतर, कारण भावांचा फोन माझ्याच हातून लागायचा होता. माझ्या मुलीला गोवर आला तेव्हा तिने कडुलिंबाच्या पाल्याने अंघोळ घालायला सांगितलं. आडनाव मी तिला कधी विचारलं नाही, तिनेही मला नाही. "एकदा ये गं, भाकरी खाऊन जा," असं मात्र ती नेहमी म्हणायची. पुढे आपोआप नंबर लागणारं एक्सचेंज आलं, आमचा बोर्ड निघाला, मी बिलाच्या खिडकीत बसले आणि मढचा आवाज बंद झाला.

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हाच मी मनाशी म्हटलं, पहिल्यांदा मढ.

माझे यजमान दिनकर यांचं शिवणकामाचं दुकान आहे. त्यांना एस्टीत बसलं तरी मळमळतं, स्टिअरिंग धरायचा प्रश्नच नव्हता. म्हणून मंचरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी नाव घातलं. तिथे शिकवणाऱ्याने, बाईमाणूस आहात तर छोटी गाडी बघा, असा सल्ला दिला. मी त्याला मोठ्या गाडीवरच शिकवायला लावलं. माझा दीर विलास टोमॅटोचा टेंपो मुंबईला नेतो. त्याचं म्हणणं, गाडी पांढरी घ्यावी, लग्नसराईत भाड्याने लावावी आणि त्याने चालवावी. मी निळी घेतली. मुलगी प्रज्ञा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते, तिने हट्टाने मागच्या काचेवर पांढऱ्या अक्षरांत 'जय भीम' लिहून घेतलं. विलास म्हणाला की आता हिला भाडं कोण देणार. मी म्हटलं, भाड्याची नाहीच ती.

निघायच्या दिवशी सकाळी तो आपली पिशवी घेऊन गाडीत येऊन बसला. गावातल्या गावात चालवणं निराळं आणि घाट निराळा, असं त्याने सगळ्यांना ऐकवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वैनी, वाटंत एकदा जरी स्टिअरिंग माझ्या हातात दिलंस, तर चावी माझ्याकडं राहील."

"बरं," मी म्हटलं.

गाडीबद्दल पहिली गोष्ट ही की ती उंच आहे. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चढवायला लाकडी पाट ठेवावा लागला. पण एकदा वर बसलं की उसाच्या पलीकडचं दिसतं. इतकी वर्षं ज्या रस्त्याने मी चालत आणि सायकलने गेले, त्याच्या कुंपणांआड काय आहे ते मला त्या दिवशी कळलं.

लेण्याद्री

पहिला थांबा लेण्याद्री. गाडी लावताच हार-नारळवाला एकजण आला आणि नवी गाडी दिसते, पूजा करून घ्या म्हणाला. मी नको म्हटलं. तो भला माणूस होता, काळजीनेच बोलत होता. पुढे घाट आहे, नवी गाडी अशी मोकळी नेऊ नये, निदान लिंबू-मिरची तरी बांधा, असं त्याचं म्हणणं. विलासच्या टेंपोला लिंबू-मिरची असते, त्यामुळे तो खिशात हात घालायला लागला होता. प्रज्ञाने त्याच्याकडे बघितलं आणि त्याने हात बाहेर काढला. माझा कुणाच्या देवाशी वाद नाही. पण माझ्या गाडीचे ब्रेक मी स्वतः बघून घेतले होते आणि तेवढ्यावर मला निघायचं होतं.

पायऱ्या चढताना डोलीवाले आत्यांच्या मागे लागले. आत्या म्हणाल्या की आयुष्यभर डोक्यावर ओझी वाहिली, आता स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर नाही घालायची. थांबत थांबत वर आल्या. गर्दी सगळी गणपतीच्या गुंफेकडे जाते, तिच्या शेजारीच चैत्यगृह आहे, तिथे सहसा कुणी थांबत नाही. आम्ही आत गेलो. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत माठातल्यासारखा गारवा. खांबांवर हत्ती, सिंह, आणि शेवटी तो दगडाचा स्तूप. आत्यांनी चप्पल बाहेर काढली, पदर सावरला आणि त्रिशरण म्हणायला लागल्या. त्यांचा आवाज तसा बारीक, पण त्या छपराखाली तो असा काही घुमला की त्या स्वतःच दचकल्या. गणपतीच्या रांगेतली माणसं डोकावून बघायला लागली. त्यातल्या एकाने बाई, जरा हळू म्हणा, असं सुचवलं.

आत्यांनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

खाली आलो तोवर गाडीची भट्टी झाली होती. इथे दुसरी गोष्ट सांगते. एसी पुढे बसणाऱ्यांना बरा, मागच्या आडव्या सीटवर त्याची नुसती बातमी पोचते. आणि सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक काढायचं नाही हा विलासचा सल्ला उन्हाळ्यात जीवघेणा आहे. तो त्याच दिवशी उपयोगी कसा पडला ते आता येईलच.

माळशेज आणि मढ

जुन्नरहून गणेशखिंडीने आम्ही कल्याणच्या रस्त्याला लागलो. पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी उजवीकडे-डावीकडे लुकलुकत राहिलं. मढ आलं. पाटी दिसली, दोन-चार दुकानं दिसली, आणि मी गाडी थांबवली नाही. विलासला सांगितलं की आधी घाट करू. खरं म्हणजे मला भीती वाटली. आवाज ओळखीचा असणं निराळं आणि दारात जाऊन उभं राहणं निराळं.

घाटात उतरताना मी दुसऱ्या गिअरला ठेवली. गाडी जड असली तरी इंजिन तिला धरून ठेवतं, ब्रेकवर सारखा पाय द्यावा लागत नाही. हे मला तिथे कळलं, कुणी सांगितलं नव्हतं. विलास माझ्या शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होता. एका वळणावर समोरून ट्रक आला, जरा आतूनच आला, आणि विलासचा हात स्टिअरिंगवर पडला. मी त्याच्या हातावर चापट मारली. ट्रक गेला. गाडी आपल्या जागेवरच होती. विलास हात चोळत म्हणाला की सवयीने गेला. मागून आत्या हसल्याचा आवाज आला. दिनकरना हसण्याच्या पलीकडे झालं होतं. त्यांनी सकाळचे पोहे सगळे सीटवर काढले, आणि तिथे त्या प्लास्टिकचे आभार मानावे लागले.

वर परत येऊन आम्ही करवंदं घेतली. पळसाच्या पानाच्या द्रोणात, वर मीठ टाकून. विकणाऱ्या बाईने विचारलं की गाडी कोण चालवतंय. मीच, असं म्हटल्यावर तिने आणखी एक मूठ घातली.

मग मात्र मढ टाळता येईना.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. गल्ल्यावर पंचविशीच्या पुढचा एक तरुण होता. हिराबाईंचं घर हेच का, असं मी विचारलं. तो तिचा मुलगा बबन. आई आत आहे म्हणाला. बाहेर येऊन त्याने कौतुकाने गाडीभोवती एक फेरी मारली, मागची काच वाचली, आणि आम्हाला दुकानाबाहेरच्या ओट्यावर बसायला सांगितलं. बोलायला गोड होता. पाणी आणलं ते प्लास्टिकच्या पेल्यांतून. विक्रीच्या पाकिटातून नवे काढलेले, वापरून फेकायचे पेले. आत शेल्फावर स्टीलचे तांबे-पेले चकचकत होते, ते आम्हा सगळ्यांना दिसत होते.

प्रज्ञाने पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. दिनकर उठले, चला म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. असल्या वेळी ते नेहमी साध्या आवाजात चला म्हणतात आणि आम्ही निघतो. मीही उठले होते. पण पाय गाडीकडे वळेनात. मी दाराशी गेले आणि आत, अंधारात, बोर्डावर बसून बोलायचे त्या आवाजात म्हटलं, "मढ, आवाज येतोय ना?"

आतली भांड्यांची खुडबुड थांबली.

"बोला, नारायणगाव," आतून उत्तर आलं.

भिंतीला धरत धरत ती बाहेर आली. गुडघे गेलेले, डोळ्यांवर जाड चष्मा. तिने माझ्याकडे खालून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली की तू लई उंच असशील असं वाटलं व्हतं. मला हसूही आलं आणि रडूही. मग तिची नजर ओट्यावरच्या पेल्यांवर गेली, तिथून गाडीच्या काचेवर, तिथून बबनवर. तिला सगळं कळायला एवढंच पुरलं.

"बबन," ती म्हणाली, "तुला फुरसं चावलं तवा जुन्नरवरनं डाक्टरची गाडी हिनंच धाडली. तवा तिचं आडनाव इचारलं न्हवतं मी."

तिने सगळे पेले गोळा केले, पाणी मोरीत ओतलं आणि आम्हाला चुलीपर्यंत आत नेलं. नाचणीची भाकरी, सुकटीचं कालवण आणि कैरीचा ठेचा. आत्या चुलीशेजारी बसून भाकरीला फुंकर घालत होत्या. दोघींचं बोलणं लगेच जमलं, कुठल्या पाण्यात डाळ शिजत नाही इथपासून कुठल्या सुनेला झोप फार इथपर्यंत. बबन आमच्यात जेवायला बसला नाही. दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणाला. कुणी आलेलं मला ऐकू आलं नाही. एका भाकरीने सगळं जग बदलतं असं मी म्हणणार नाही. पण पाणी मी त्या घरातल्या तांब्यातून प्यायले, दोनदा मागून प्यायले.

निघताना हिराबाई गाडी बघायला आली. बॉनेटवर हात फिरवला, दार उघडून सीट दाबून बघितली, आणि एकदम विचारलं की ही धरणात उतरती का.

आम्हाला काही कळेना. मग तिने सांगितलं. तिचं माहेर आंबेगाव. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे तेच गाव, आणि तेच डिंभ्याच्या धरणात गेलं. भाऊ दुसरीकडे वसले. ती लग्न होऊन मढला आलेली, गाव उठलं तेव्हा जाता आलं नाही. नंतर एकदा दोन एस्ट्या बदलून गेली, तर नुसतं पाणीच पाणी. कडकडीत उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती उघडी पडतात असं ऐकून होती, पण रस्त्यापासून खाली चालत जायला गुडघे नाहीत. "तालुक्याला नाव आमचं, आन् गाव पाण्यात," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, एखादं जुनं कोडं सांगावं तसं म्हणाली.

मी म्हटलं, चल. बबन नाही म्हणाला, गुडघ्यांचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं. विलासनेही त्याचीच बाजू धरली. धरणाच्या गाळात नवी गाडी घालायची म्हणजे शुद्ध वेडेपणा. दोन पुरुष दोन निराळ्या कारणांनी एकच गोष्ट सांगत होते आणि आम्ही बायका लुगडं-पातळ पिशवीत भरत होतो. शेवटी बबननेच आईला उचलून सीटवर बसवलं. दार लावलं आणि वळून आत गेला.

रात्री ती आमच्याकडे वारूळवाडीला राहिली. आत्यांनी तिच्यासाठी मासवडी केली आणि आपल्या हातची चांगली की तिच्या हातची यावर दोघी भांडत जेवल्या.

आंबेगाव

सकाळी मंचर, घोडेगाव करत डिंभ्याला पोचलो. घोडेगावनंतर मुलूख बदलतो. आमच्याकडची बागायत मागे पडते, हिरड्याची झाडं दिसायला लागतात, डोंगर अंगावर येतात. रस्ता धरणाच्या कडेकडेने जातो. खड्ड्यांबद्दल विचाराल तर गाडी ते पचवते, माणसं नाही. मागच्या दाराच्या फटीतून धूळ आत येते, हा मात्र कंपनीचा दोषच म्हणायचा. प्रज्ञाच्या काळ्या केसांचे पांढरे झाले.

पाणी खूप खाली गेलं होतं. काठाला तांबड्या-करड्या मातीचे पट्टे, आणि मध्ये, जिथे पावसाळ्यात चार पुरुष पाणी असेल, तिथे उघडं मैदान. आणि एका ठिकाणी आमच्या रस्त्यातून दुसरा रस्ता फुटून सरळ खाली गेला होता. जुना डांबरी रस्ता. कडेला मैलाचा दगड तसाच उभा, त्यावरचं सगळं पुसलेलं.

"हाच," हिराबाई म्हणाली. "एस्टी हितनंच उतरायची."

विलास म्हणाला की गाडी इथेच ठेवू आणि म्हातारीला आपण धरून नेऊ. हिराबाईने मान हलवली. धरून नेलं तरी गुडघे तिचेच होते. खाली दोन माणसं जाळी वाळत घालत होती, त्यांना मी हाक मारून विचारलं. ते म्हणाले की जीप उतरते, पण डांबर सोडू नका. मी उतरवली.

मला तो रस्ता विसरता येणार नाही. दोन्ही बाजूंना भेगाळलेला गाळ, वाळलेले शिंपले, खोडांची काळी ठुटं, आणि मध्ये आमची निळी गाडी एका गेलेल्या गावाच्या रस्त्यावरून चाललेली. हिराबाई पुढे बसली होती आणि बोटाने दाखवत होती. हे आंब्याचं झाड व्हतं. ही शाळा. हितं बाजार भरायचा. मला नुसत्या दगडांच्या रांगा दिसत होत्या, पण तिच्या बोटाकडे बघितलं की वाटायचं, दिसतंय.

गावाच्या तोंडाशी डांबर संपलं होतं, वाहून गेलं होतं. पुढची माती कोरडी दिसली. मी पुढे घेतली आणि पुढची चाकं पापुद्रा फोडून आत गेली. घाबरून मी रेस दिली, तशी मागचीही रुतली. प्रत्येक नवा चालक करतो तीच चूक मी केली, आणि गाडी पोटावर बसली.

विलास उतरला. चारही बाजूंनी बघितलं आणि माझ्या खिडकीपाशी आला. चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मी त्याच्या बाजूने सांगेन. खरीच काळजी होती. "उतर वैनी," तो म्हणाला. "हे तुझं काम न्हाई. मी काढतो."

नवी गाडी, आत दोन म्हाताऱ्या, वर तळपता सूर्य आणि खाली धरणाचा गाळ. उतरायला हवं, असं मला खरंच एक क्षण वाटलं.

"नाही उतरणार," मी म्हटलं. "काय करायचं ते सांग. करीन मीच."

त्याने एकदा वाकून चाकांकडे बघितलं. मग शर्टाच्या बाह्या वर सारून म्हणाला की चाकांखाली दगड घालावे लागतील, सपाट आणि मोठे. जाळीवाले दोघेही मदतीला आले. जवळच एक जोतं होतं, घडीव दगडांचं, चांगलं उंच. विलास तिकडे वळला तशी हिराबाईने खिडकीतून सांगितलं की ती गावची चावडी.

आत्या मागून उतरल्या. कुणाचा हात न घेता, पाटाशिवाय, तशाच सीटवरून खाली घसरल्या.

"चावडी का," त्या म्हणाल्या. "मग मीच आणते दगड."

मी नको म्हणत होते. त्या ऐकेनात. गाडीला हात टेकून त्या हिराबाईशी बोलायला लागल्या. त्यांचा बाप त्यांच्या गावचा येसकर होता. गावकीचं काम, हाळी द्यायची, पाटलाचा निरोप न्यायचा. "चावडीच्या भायेर हुबा राह्यचा," आत्या म्हणाल्या. "पावसात बी. वर पाऊल ठिवायचं न्हाई."

"त्यी ही चावडी न्हाई," हिराबाई हळूच म्हणाली.

"समद्या येकच," आत्या म्हणाल्या.

जाळीवाले दोघे जमिनीकडे बघत उभे राहिले. हिराबाईने खिडकीवरचा हात आत घेतला. मला वाटलं, झालं, तुटलं. इतक्या वर्षांचं बोलणं या दगडांपाशी येऊन तुटलं. मग तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि त्या जोत्याकडे नीट बघितलं.

"माझा बा वरच बसायचा," ती म्हणाली. "उगवतीकडच्या कोपऱ्याचा दगड सुटा हाय, आमी पोरी त्यो हलवायचो. त्यो आधी घ्या."

आत्या, प्रज्ञा, विलास आणि ते दोघे, असे सगळे दगड वाहत होते. मळमळणारे दिनकरसुद्धा. आत्यांनी फार काही उचललं नाही, पण तो कोपऱ्याचा दगड विलासकडून घेऊन स्वतःच्या हाताने पुढच्या चाकाखाली सारला आणि पायाने दाबून बसवला. विलासने मला सांगितलं की रेस अजिबात वाढवायची नाही, क्लच हळू सोडायचा आणि चाक दगडाला लागल्याचं पायाला कळेल तेव्हाच जोर द्यायचा. मी तसंच केलं. एकदा गाडी मागे घसरली. दुसऱ्यांदा दगड घासल्याचा कर्र आवाज आला, पुढचं तोंड वर उचललं गेलं, आणि ती त्या चावडीवर चढावी तशी चढून पलीकडच्या कडक जमिनीवर आली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे धापा टाकत होते. दिनकर म्हणाले की आता वळव आणि परत चल, पाहिलं तेवढं पुरे. जाळीवाल्यांचंही तेच मत पडलं. मीही गाडी वळवायला जागा बघायला लागले.

हिराबाईने माझ्या मनगटावर हात ठेवला. "निघालीच हाईस तर दारापत्तुर घे," ती म्हणाली. "माह्यारी आलेलं मानूस वाटंवरनं माघारी जातं व्हय?"

मी विलासकडे बघितलं. त्याने कपाळाचा घाम पुसला, जाळीवाल्यांकडून एक काठी मागून घेतली आणि गाडीच्या पुढे चालायला लागला. दर पावलाला काठी टोचून जमीन बघायचा, टाच आपटायचा आणि मग मागे न वळता मला हाताने ये म्हणायचा. मी पहिल्या गिअरला त्याच्या मागून जात होते. आत्या आणि प्रज्ञा बाजूने चालत होत्या. हिराबाई सांगत होती, आता डावीकडं, हा आमचा बोळ, हितं सुताराचं घर, आता हळू.

"थांब. हे आमचं दार."

मी गाडी थांबवली. समोर गुडघाभर उंचीचं एक जोतं होतं, त्यात गाळ भरलेला, एका कोपऱ्यात उलटं पडलेलं जातं. दार नव्हतं, चौकट नव्हती, भिंती नव्हत्या. मी आणि विलासने तिला दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवलं. तिने आमचे हात सोडले. पदर डोक्यावरून घेतला, दोन पावलं चालली, आणि जिथे उंबरा असायला हवा होता तिथे दुखरा पाय उंच उचलून आत गेली.